पाणी किती फुटांवर? कोल्हापूरच्या डोंगर-धबधब्यांवरचं फिरणं आणि बदलतं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला दमदार पाऊस झाला की रविवारी सकाळी कोल्हापुरातून गाड्या सुटतात. राऊतवाडी, बर्की, पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, आंबा. आदल्या रात्री मला फोन यायला लागतात. रस्ता चालू आहे का, धबधब्यावर सोडतात का, पोरांना घेऊन गेलं तर चालेल का. बरीच वर्षं डोंगर फिरतोय आणि अलीकडे वाटा दुरुस्त करणाऱ्या गावच्या पोरांना हातभार लावतोय, म्हणून लोक विचारतात. तेच ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. काही पटणार नाहीत, चालतंय की.

पाऊस इथं पूर्वीपासूनच धो धो पडतो. मग हवामान बदलाचं नवीन काय?

पडतो, खरंय. गगनबावड्याच्या माणसाला पावसाच्या गोष्टी सांगायला जाऊ नये. बदललंय ते पावसाचं वागणं. पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस एका लयीत. आता पंधरवडाभर कडक ऊन आणि मग दोन दिवसांत महिन्याचं पाणी. कारण साधं आहे: हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय, त्यामुळे ते बाष्प मिळतंही. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या आहेत.

दुसरं म्हणजे तारखांचा भरवसा गेला. २०१९ मध्ये मान्सून मुंबईत पोचायला २५ जून उजाडला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर बुडालं. २०२३ मध्येही तो तितकाच उशिरा आला आणि ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ मध्ये उलट, २६ मेलाच पाऊस मुंबईत. आपल्याकडची फिरण्याची सगळी व्यवस्था मात्र 'अमुक तारखेपासून बंद, तमुक तारखेपासून चालू' अशीच बेतलेली आहे. अभयारण्य असो की धबधबा.

मग बदलायचं काय?

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. जुलैमध्ये इथं भेटल्यावर माणूस आधी विचारतो, "पाणी किती फुटांवर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ३९ ला चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतली माणसं जनावरं हलवायच्या तयारीला लागतात. 'पंचगंगा २५ जुलैला धोक्याच्या वर जाईल, तोवर निवांत राहा' असं कुणी म्हणत नाही. नदीच्या बाबतीत आपण कॅलेंडर बघत नाही, पट्टी बघतो.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक धबधब्याला, प्रत्येक वाटेला, प्रत्येक घाटाला स्वतःचे ३९ आणि ४३ ठरवून द्यावेत. ओढ्यातल्या एका मोठ्या दगडावर रंगाच्या दोन रेघा. पिवळीला पाणी टेकलं की पाण्यात उतरायचं नाही, लांबून बघायचं. लालला टेकलं की वाट बंद, गाड्या खाली नाक्यावरच थांबवायच्या. वरच्या वाडीतल्या शाळेत एक पर्जन्यमापक, आणि तो रोज बघून फोन करणारं गावातलं एक माणूस, ज्याला त्याचे पैसे मिळतात. यात न परवडण्यासारखं काही नाही. एका सेल्फी पॉइंटच्या खर्चात अशा बऱ्याच जागा होतील.

उलट बाजूही आहे. जुलैचे आठ दिवस कोरडे गेले आणि पाणी पिवळ्या रेघेच्या खाली असलं तर ती जागा उघडी ठेवायला हवी. तारखेची बंदी धोक्याच्या दिवशी कमी पडते आणि बिनधोक दिवशी जास्त होते. मग लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडतो.

हवामान खात्याचा ऑरेंज, रेड अलर्ट असतो की. तो पुरेसा नाही का?

सुरुवातीला उपयोगी आहे, जरूर बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस जोरदार धरतात, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. पण अलर्टचा रंग बहुतेक वेळा जिल्ह्याला मिळतो, आणि आपला जिल्हा म्हणजे एका टोकाला गगनबावडा, दुसऱ्या टोकाला शिरोळ. एकीकडे छत्री उलटी होते, दुसरीकडे ऊस पाण्याची वाट बघत असतो. अलीकडे हवामान खातं कोल्हापूरच्या घाट परिसराचा अंदाज वेगळा देतं. फिरायला जाणाऱ्यानं तोच बघावा, शहराचा नाही.

तरीही ओढ्याला पाणी किती येईल, हे अंदाज सांगत नाही. ते वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळ-पठारावर, मागच्या तीन तासांत काय पडलं यावर ठरतं. खाली ऊन आणि वर ढगफुटीसारखा पाऊस, असं मी स्वतः दोनदा पाहिलंय. पाणी आधी गढूळ होतं, पालापाचोळा वाहून यायला लागतो, आवाज बदलतो. एवढं दिसलं की चप्पल शोधत बसायचं नाही, काठावर यायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, तेव्हा त्यांच्याकडे काही क्षणच होते.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की बघायला जातो. त्यात धोका कसला?

लांबून बघण्यात काही नाही. धोका खाली नदीपात्रात उतरलेल्यांना. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. एक उघडला असताना पात्रातल्या खडकावर डबा खात बसलेल्यांना दुसरा उघडणार हे कळत नाही. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभं राहिलेलं हे धरण बघायला जरूर जा, पण धरणाखालच्या भोगावती नदीच्या पात्रात गाडी धुवायला उतरू नका.

बंदी घातली तरी लोक आडवाटेनं जातातच. मग उपयोग काय?

जातात. पोलिस पुढच्या वळणावर दिसला की मागच्या शेतातून जातात. जिल्हाधिकारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढू शकतात. पूर्वीच्या जमावबंदीच्या कलम १४४ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे, त्याखालीही काढतात. पण कागदाचा आदेश ओढ्यापाशी उभा राहत नाही.

माझा अनुभव सांगतो. एका धबधब्यावर (नाव नको) 'प्रवेश निषिद्ध' असा फलक होता. फलकाशेजारी फोटो काढून लोक आत जायचे. पुढच्या वर्षी गावातल्या चार पोरांना रेनकोट आणि शिट्ट्या दिल्या, दीड किलोमीटर खाली दोर बांधून गाड्या तिथंच थांबवल्या, आणि पोरं येणाऱ्याला एवढंच सांगायची, "दादा, आज वर पाऊस लई आहे, पाणी वाढतंय. समोरच्या टेकाडावरून झक्कास दिसतंय, तिकडं न्हेऊ का?" दहातली आठ-नऊ माणसं तिकडे वळली. उरलेली एक-दोन कुठंही असतातच.

यातून मी शिकलो ते असं: 'नाही' म्हणताना 'त्याऐवजी कुठं' हे सांगता आलं पाहिजे. आणि ते कोल्हापुरातच, पेट्रोल भरण्याआधी सांगता आलं तर फारच बरं. पन्नास किलोमीटर गाडी मारून आलेला माणूस परत फिरत नाही. त्याला तो पराभव वाटतो.

बंदीनं गावकऱ्यांचं नुकसान होतं त्याचं काय?

हा प्रश्न शहरातून कमी आणि गावातून जास्त येतो, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. कणसं, भजी, चहा, पार्किंगचे पन्नास रुपये. काही वाड्यांना वर्षाची रोकड या आठ-दहा रविवारांत मिळते. एक रविवार बंद म्हणजे घरात काय होतं ते त्यांना विचारा. म्हणून बंदीला गावाचा विरोध असतो, आणि तो रास्त आहे.

वाट एकच दिसते: सुरक्षिततेचं कामच गावाचं उत्पन्न व्हावं. पट्टी बघणारा, गाड्या थांबवणारा, वाटाड्या, कचरा उचलणारा यांना पैसे मिळावेत, आणि ते बंदच्या दिवशीही मिळावेत. प्रवेश शुल्क गावकरी आणि वनविभागाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या खात्यावर गेलं तर हे करता येतं. वनविभागाच्या जागेत तशी व्यवस्था आहेच. प्रश्न ती किती मनापासून राबवली जाते याचा. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं. त्यात धबधब्याच्या गावातली पोरं-पोरी आधी घ्यावीत, शहरातली नंतर.

आणि हंगाम लांबवावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सड्यांवर फुलं असतात, डिसेंबरात धुक्यातली पहाट असते, मार्चपर्यंत डोंगर चालण्यासारखा राहतो. आपण मात्र सगळं ओझं जुलै-ऑगस्टवर टाकलंय, म्हणजे नेमकं सर्वांत धोक्याच्या महिन्यांवर.

पन्हाळ्याच्या रस्त्याचं पुढं काय? दरवर्षी खचणार का?

पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, खाली काळा बेसॉल्ट. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. पाणी मुरत जाऊन खालच्या थरावर अडतं आणि उताराची माती सैल होते. थोडा थोडा पाऊस असेल तर निचरा होतो. दोन दिवसांत भरमसाट ओतलं की उतार सुटतो. २०२१ च्या जुलैत मुख्य रस्ता खचला, आणि गडावरची वाहतूक बराच काळ अडून राहिली, ती अशी. ज्यांचं पोट गडावर येणाऱ्या माणसावर, त्यांनी तो काळ कसा काढला ते गडावर जाऊन ऐका.

यावर नुसती जाड भिंत हा उपाय नाही. भिंतीमागच्या पाण्याला वाट नसेल तर ते भिंतीलाच ढकलतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण इथं सांगण्याजोगं आहे. जून २०२२ मध्ये तिथं महापूर आला, दहा हजारांवर पर्यटक बाहेर काढावे लागले आणि उत्तरेकडचा नदीकाठचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. त्यांनी तो घाईनं जागच्या जागी बांधला नाही. डोंगरावरची घोडागाडीच्या काळातली जुनी वाट रुंद केली आणि ऑक्टोबरपर्यंत वाहतूक तिकडून सुरू केली. तिथल्या उद्यान सेवेत असा विचार रुजतोय की प्रत्येक बदलापुढे तीन रस्ते असतात: अडवायचा, स्वीकारायचा, किंवा आपल्याला हव्या त्या दिशेला वळवायचा. सगळीकडे अडवत बसलो तर पैसा पुरत नाही.

पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूदृश्यांतल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. गर्दी वाढणारच. माझ्या मते पावसाळ्यात गडावर खासगी गाडी कमीत कमी नेली पाहिजे. पायथ्याला पार्किंग आणि वर छोट्या बस. यावर माझं गडावरच्या मित्रांशी कडाक्याचं भांडण होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

पन्हाळा ते पावनखिंड चालत जाण्याच्या मोहिमेचं काय? ती तर जुलैमध्येच होणार.

ती जुलैमध्येच व्हावी. १६६० च्या जुलैतली ती रात्र, तो पाऊस, तो चिखल, त्याशिवाय त्या वाटेला अर्थ नाही. तारीख हलवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एकाच दोन दिवसांत हजारोंनी चालायचं की महिनाभर छोट्या तुकड्यांनी, हे ठरवता येतं. मसाई पठारावरची भिजलेली वाट एका मागून एक पायांनी रुंद होत जाते. चिखल टाळायला माणूस बाजूच्या गवतावर पाय टाकतो, मग तिथं चिखल होतो, पुढचा आणखी बाजूला. दोन फुटांची पायवाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. उपाय सोपा आणि ऐकायला विचित्र: चिखलातूनच चाला. बूट धुता येतात.

तुकडीप्रमुखांसाठी आणखी एक. ओढ्याला पाणी जास्त असेल तर थांबायचं, मुक्काम वाढवायचा, नाहीतर परत फिरायचं. मोहीम 'पूर्ण' झालीच पाहिजे या हट्टापायी दोर बांधून पन्नास माणसं पलीकडे काढणं, यात शौर्य नाही.

वाटेवर सिमेंटच्या पायऱ्या केल्या तर घसरणं थांबेल ना?

दोन वर्षं थांबेल. मग सिमेंटखालची माती पाणी घेऊन जाईल आणि पायरी हवेत लटकेल. वाटेचा खरा शत्रू पाणी आहे, आणि पाण्याला वाटेवरून पळायला द्यायचं नाही, आडवं काढून द्यायचं. दर काही पावलांवर तिरका दगडी बांध, वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार, पायऱ्या रचलेल्या दगडाच्या म्हणजे फटीतून पाणी झिरपेल. गडांवरच्या जुन्या फरसबंद वाटा नीट बघा, हे सगळं तिथं आहे. पाऊस जोराचा होत जाणार असेल तर बांध पूर्वीपेक्षा जवळ जवळ घालावे लागतात, एवढाच काय तो फरक.

उन्हाळ्यात काही प्रश्न नाही ना?

आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही. डोंगराळ भागात कमाल तापमान ३० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलं की उष्णतेची लाट धरतात. सपाटीला तोच आकडा ४० आहे. सड्यावर सावली नसते, काळा दगड तापतो. एप्रिल-मेमध्ये चढण सकाळी नऊच्या आत संपवा.

मग वणवा. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चारा चांगला येतो, या समजुतीनं फेब्रुवारीपासून डोंगर पेटवले जातात, आणि पर्यटकाची चूल, विडीचं थोटूक त्यात भर घालतं. कोरडा काळ लांबला की आग लांब जाते. वनविभाग जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेले पट्टे, काढतो, पण त्या वाऱ्यापुढे कितीशा पुरणार? माझं मत: मार्च ते मे डोंगरावर उघडी चूल नको, कुणाचीही, आमची धरून. आग दिसली तर १९२६ ला फोन करा.

तिसरी वीज. वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो, आणि उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे तुम्ही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

काजवे बघायला कधी यावं?

मेच्या उत्तरार्धात, वळीव होऊन हवेत दमटपणा आला की. राधानगरीच्या जंगलात झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकतात. पण २०२५ सारखं वर्ष आलं, मेमध्येच पावसानं घेरलं, की सगळं नियोजन कोलमडतं. म्हणून महोत्सवाची तारीख महिनाभर आधी छापण्यापेक्षा 'या तीन आठवड्यांत कधीही, आदल्या चार दिवसांत कळवू' असं ठेवावं. आल्यावर गाडीचे दिवे, मोबाइलची टॉर्च बंद. काजवा प्रकाशानं जोडीदार शोधतो. तुमच्या दिव्यात त्याचा दिवा हरवतो.

गवे शहरात यायला लागलेत ते हवामान बदलामुळेच का?

सगळं हवामानावर ढकलू नका. डिसेंबर २०२१ मध्ये गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला. त्यात उसाची शेतं, तुटलेले पट्टे, रस्ते यांचा मोठा हात आहे. राधानगरी हे १९५८ चं, राज्यातलं पहिलं अभयारण्य, गव्यासाठीच प्रसिद्ध. उन्हाळ्यात पाणवठे लवकर आटले तर प्राणी जास्त फिरतात हे खरं, म्हणून पाणवठ्याजवळून जाणाऱ्या वाटा त्या काळात बंद ठेवणं योग्य. त्याहून जास्त दावा मी करणार नाही.

रंकाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांनी काय बघावं?

पाण्याचा रंग. सांडपाण्याचं खत, उथळ पाणी आणि वाढती उष्णता एकत्र आली की जलपर्णी आणि शेवाळ फोफावतं. हिरवट साय आलेली दिसली तर पोराला आणि कुत्र्याला पाण्यात सोडू नका.

साताऱ्याच्या कास पठाराला आहे तशी ऑनलाइन नोंदणी आपल्याकडे हवी का?

मसाई पठारासाठी फुलांच्या महिन्यात, हो. कासला रोजची संख्या ठरलेली असते आणि त्याचा फायदा दिसतो. पण सगळीकडे नको. ऑनलाइन नोंदणी म्हणजे हातात स्मार्टफोन आणि आठवडाभर आधी ठरलेली सुट्टी असणाऱ्यांची सोय. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार सुट्टीदिवशी सकाळी ठरवतो आणि पोरांना घेऊन निघतो. त्याच्यासाठी काही जागा दारात, आल्या क्रमानं ठेवाव्याच लागतील.

अडकलो तर फोन कुणाला?

११२ सगळ्यांसाठी, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. घाटात रेंज जाते, म्हणून निघतानाच घरी सांगा कुठं जाताय आणि किती वाजता परत. जागा बदललीत तर तेही कळवा. शोधणारे तुम्ही सांगितलेल्या जागी आधी जातात.

आणि पुराचं पाणी बघायला?

विचारलंतच शेवटी. कोल्हापूरकराला हे सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, तरी लोक पाणी बघायला जातच होते. मीही गेलो होतो. फक्त गाडी लांब लावा, कारण बचावाची बोट रस्त्यावरून ट्रेलरवर येते आणि तुमच्या लावलेल्या दुचाकींमुळे ती वळत नाही.